‘नियमानुसार देय’ म्हणजे नेमके किती? महामंडळावरच्या अशासकीय संचालकाचा भत्ता कोण ठरवतं

सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. राज्य शासनाच्या एका महामंडळावर त्यांची अशासकीय संचालक म्हणून नियुक्ती झाली आहे. आदेशात पैशाबद्दल एकच ओळ आहे: ‘शासन नियमानुसार देय भत्ते अनुज्ञेय राहतील.’ ते विचारतात, हे नेमके किती? ठरवतं कोण? पहिल्याच बैठकीआधी विचारलं तर वाईट दिसेल का? आणि पुढे जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची आहे, तर हे पैसे घेतल्याने काही अडचण येईल का?

मी सत्तावीस वर्षं कंपनी सचिव म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी सरकारी कंपन्यांत गेली. बैठकीची विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, संचालकांची टीए (प्रवास भत्त्याची) बिलं तपासून लेखा शाखेकडे पाठवणं हे माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रश्न ‘किती’ असा दिसत असला तरी खरी अडचण ‘कोणत्या नियमानुसार’ ही आहे. आदेश काढणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने ती ओळ जुन्या आदेशावरून उचललेली असते. त्यामागे एखादा नियम नक्की असतो, पण तो कुठल्या कायद्याखालचा, कोणत्या साली निघालेला आणि आज लागू आहे का, हे नव्या सदस्याला कोणीच सांगत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट शोधा: तुमचं महामंडळ जन्माला आलं कशातून? नावावरून हे कळत नाही. सिडको ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे. म्हाडा मात्र विधिमंडळाने केलेल्या १९७६ च्या कायद्यातून निर्माण झालेलं प्राधिकरण आहे. एसटी महामंडळ केंद्राच्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालतं, एमआयडीसी राज्याच्या १९६१ च्या कायद्याखाली. महाबीज आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ या पुन्हा कंपन्या. पाटीवर ‘महामंडळ’ असलं तरी प्रत्येकाचं मूळ वेगळं, आणि सदस्याला काय द्यायचं हे त्या मुळावर ठरतं.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. महामंडळाच्या पत्राच्या मथळ्यावर किंवा तळाशी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) म्हणून एकवीस अक्षरा-आकड्यांची ओळ आहे का बघा. असली तर ती कंपनी आहे. त्या ओळीच्या मध्ये ‘एसजीसी’ ही तीन अक्षरं दिसली तर राज्य सरकारची कंपनी, ‘जीओआय’ दिसली तर केंद्राची. असा क्रमांकच नसेल तर तुमची संस्था बहुधा वेगळ्या कायद्याने स्थापलेली आहे किंवा नुसत्या शासन निर्णयाने नेमलेली समिती आहे.

वेगळ्या कायद्याने स्थापलेली संस्था असेल तर नियम कडक असतो. असे कायदे बहुतेक एकाच साच्यातले असतात: सदस्यांचे भत्ते ‘विहित केल्याप्रमाणे’ असतील. विहित म्हणजे राज्य शासनाने त्या कायद्याखाली नियम करून ठरवलेले. मंडळाला स्वतःच्या सदस्यांचा भत्ता वाढवायचा अधिकार तिथे नसतो. एकमताने ठराव झाला तरी तो फक्त शिफारस ठरतो.

याचा फटका मी जवळून पाहिला आहे. एका मंडळाच्या कागदपत्रांची तपासणी करायला मला बोलावलं होतं. तिथल्या सदस्यांनी काही वर्षांपूर्वी बैठक भत्ता वाढवण्याचा ठराव केला, लेखा शाखेने त्याच महिन्यापासून वाढीव दराने पैसे दिले, शासनाकडे प्रस्ताव पाठवायचं राहून गेलं. पुढे महालेखापालांच्या तपासणीत आक्षेप निघाला आणि माजी सदस्यांना वसुलीची पत्रं गेली. त्यांच्यातले एक निवृत्त शिक्षक माझ्यासमोर येऊन बसले. हातात एक वही. प्रत्येक बैठकीची तारीख, विषय, किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, सगळं स्वतःच्या अक्षरात. एकही बैठक चुकवलेली नव्हती. त्यांनी मला विचारलं, ‘साहेब, मी चोरी केली का?’ केली नव्हती. हजेरीपटावर सही करा, पाकीट घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि त्यांनी तेच केलं. तरीही पैसे परत करावे लागले. तेव्हापासून कोणत्याही नव्या सदस्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो की दर ठरवणारा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता कंपनीचं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार संचालकाला मंडळाच्या किंवा समितीच्या बैठकीला हजर राहण्याबद्दल शुल्क देता येतं, ते संचालक मंडळ ठरवतं, आणि नियमांनी त्यावर एका बैठकीला १ लाख रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा मोठ्या कंपन्यांनाही २० हजारच होती. स्वतंत्र संचालक आणि महिला संचालक यांना इतर संचालकांपेक्षा कमी शुल्क देता येत नाही, हेही त्याच नियमात आहे. कंपनीत संचालक स्वतःचं बैठक शुल्क स्वतःच ठरवतात, याचं लोकांना नवल वाटतं. त्याचसाठी कायद्याने वर छत घातलं आणि प्रत्येकाला किती दिले ते दरवर्षी जाहीर करायला लावलं.

सरकारी कंपनीचं मात्र थोडं निराळं. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने केंद्राने सरकारी कंपन्यांना कलम १९७ मधून सूट दिली. हेतू असा की तिथे मालक सरकार आहे, तेव्हा मोबदल्याचा शब्दही सरकारचाच. केंद्रीय उपक्रमांत स्वतंत्र संचालकांचं बैठक शुल्क कंपनी कायद्याच्या मर्यादेत राहून संचालक मंडळ ठरवतं. राज्याच्या कंपन्यांत मी पाहिलेली वाट जास्त लांबची आहे. मंडळाचा ठराव होतो, तो प्रशासकीय विभागाकडे जातो, तिथून वित्त विभागाकडे, आणि मग शासन निर्णय निघतो.

वित्त विभाग काय विचारतो हे ऐकलंत तर दर कसा ठरतो ते आपोआप कळेल. मी असे प्रस्ताव स्वतः तयार केले आहेत. पहिला प्रश्न ठरलेला: पैसे कुठून देणार? महामंडळाच्या स्वतःच्या उत्पन्नातून देणार असाल तर फाइल पुढे सरकते. शासनाच्या अनुदानातून देणार असाल तर लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) कोणतं आणि त्यात तरतूद आहे का, हे आधी दाखवावं लागतं. दुसरा, तुमच्यासारख्या इतर महामंडळांत किती देतात? म्हणजे शेजारी बघून दर ठरतो, आणि शेजाऱ्याचा दर दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तुमचाही तिथेच अडकतो. तिसरा, वर्षाला बैठका किती? कंपनीला वर्षात किमान चार घ्याव्याच लागतात, आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर पडता कामा नये. त्यावर लेखापरीक्षण समिती वगैरेंच्या बैठका धरल्या की वर्षाचा बोजा निघतो. तुमचं शिक्षण, अनुभव, तुम्ही किती लांबून येता, याला या हिशेबात जागा नसते. ते मला कधीच पटलं नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे.

शासन निर्णय हातात पडला की मी आधी शेवटचा परिच्छेद वाचतो. ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे’ अशी ओळ तिथे असते. पैशाचा निर्णय असून ती ओळ नसेल, तर सहमती घेतली आहे का ते विचारायला हवं. लेखापरीक्षकही तेच विचारतो.

मुळावर सगळं ठरतं याचं तुमच्या ओळखीचं उदाहरण सरपंचांचं. गावाचं उत्पन्न चांगलं आहे म्हणून ग्रामपंचायत सरपंचाचं मानधन वाढवू शकत नाही. शासनाने लोकसंख्येचे तीन गट केले आहेत: २,००० पर्यंत, २,००१ ते ८,००० आणि त्यापुढे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने हे मानधन दुप्पट केलं, तेव्हा ३, ४ आणि ५ हजारांचे ६, ८ आणि १० हजार झाले. सरपंच किती राबतो हे कोणी मोजत नाही, गावात माणसं किती ते मोजतात. तेच केंद्रीय उपक्रमांच्या पूर्णवेळ अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांचं. कंपन्यांच्या ए, बी, सी, डी अशा चार अनुसूची आहेत. १ जानेवारी २०१७ पासूनच्या वेतनश्रेणीत ए मधल्या प्रमुखाला २,००,००० ते ३,७०,००० आणि डी मधल्याला १,२०,००० ते २,८०,००० असं मूळ वेतन आहे. तुमच्या महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक बहुधा प्रतिनियुक्तीवरचे भाप्रसे (आयएएस) अधिकारी असतील. त्यांचा पगार त्यांच्या सेवेच्या नियमांनी ठरतो, महामंडळावर नव्हे. मंडळावरचे इतर शासकीय अधिकारीही बैठक भत्ता सहसा घेत नाहीत, कारण तो दिवस त्यांच्या नोकरीतच धरलेला असतो. तेव्हा तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचे सचिव साहेब पाकीट घेत नाहीत म्हणून तुम्ही संकोच करायचं कारण नाही. त्यांचा पगार चालू असतो, तुमचा नसतो.

आता निवडणुकीचा प्रश्न, कारण इथे शब्द फार जपून वाचावे लागतात. तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टींचे पैसे मिळू शकतात. प्रवास आणि दैनिक भत्ता, म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. बैठक भत्ता, म्हणजे हजर राहिलेल्या दिवसाचा. आणि मानधन, म्हणजे बैठक असो-नसो, दरमहा पदासाठी मिळणारी रक्कम. अध्यक्ष-उपाध्यक्षांना मानधन, गाडी, कार्यालय असं सहसा असतं. साध्या संचालकाला बहुधा पहिल्या दोनच गोष्टी असतात.

आपल्या राज्यघटनेत शासनाखाली ‘लाभाचं पद’ धारण करणारा माणूस आमदार-खासदार होऊ शकत नाही, आणि विधानसभेसाठी जो अपात्र तो पंचायतींसाठीही अपात्र. संसदेच्या १९५९ च्या कायद्याने भरपाईचे भत्ते आणि लाभ यांत रेघ ओढली आहे: दैनिक भत्ता (तोही खासदाराला मिळतो त्याहून जास्त नसावा), वाहन भत्ता, घरभाडे, प्रवास भत्ता हे भरपाईत येतात. राज्यापुरता १९५६ चा कायदा आहे, आणि कोणती पदं अपात्रतेतून वगळली आहेत याची यादी त्यात सापडते.

रक्कम लहान आहे म्हणून सुटका होत नाही. शिबू सोरेन यांच्या प्रकरणात झारखंड क्षेत्र स्वायत्त परिषदेच्या अध्यक्षपदाचं मानधन दरमहा फक्त १,७५० रुपये होतं. भरपाईचे भत्ते त्याशिवाय वेगळे मिळत होते, म्हणून २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानधन लाभ धरलं आणि त्यांची राज्यसभेची निवड रद्द ठरली. पैसे उचलले नाहीत म्हणूनही सुटका नाही. जया बच्चन उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षा होत्या. पदाला दरमहा ५,००० रुपये मानधन आणि इतर सुविधा होत्या. आपण त्या घेतल्याच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. २००६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्या पदापासून पैसा मिळू शकतो का हे बघायचं, प्रत्यक्षात घेतला की नाही ते नव्हे.

म्हणून ‘मी भत्ता नाकारतो म्हणजे निवडणुकीला मोकळा’ हा समज चुकीचा आहे. तुमच्या आदेशात फक्त भत्ते असतील तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. दरमहा मानधन असेल तर काळजी घ्या. पद सरकारच्या हाताखालचं आहे का, हे ठरवताना नेमतं कोण, काढतं कोण, पैसे कोण देतं, कामावर ताबा कोणाचा, हे न्यायालयं बघतात. तुमची नेमणूक शासनानेच केली आहे, तेव्हा अर्ज भरायच्या आधी, शक्यतो निवडणूक जाहीर होण्याआधीच, नियुक्तीचा आदेश आणि भत्त्याचा शासन निर्णय असे दोन्ही कागद निवडणुकीची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. माझ्यासारख्याच्या उत्तरावर उमेदवारी अर्ज भरू नका.

घ्यायचं की नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे: घ्या. काही भल्या माणसांना वाटतं की लोकांच्या कामाचे पैसे कसले घ्यायचे. भावना चांगली आहे, पण तिचा परिणाम वाईट होतो. आमच्या मंडळावर मेळघाटातल्या धारणीकडच्या एक आदिवासी सदस्या होत्या. सकाळी एसटीने घाट उतरून परतवाडामार्गे अमरावती, रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी मंत्रालयासमोरच्या इमारतीत बैठक, पुन्हा तसंच परत. दोन तासांच्या बैठकीसाठी तीन दिवस. त्या तिन्ही दिवसांचा त्यांचा रोज बुडायचा. एकदा बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली एसटीची दोन तिकिटं आणि रेल्वेचं एक तिकीट काढलं, आणि विचारलं, ‘बैठक नाही झाली तर हे पण नाही मिळत का?’ प्रवासाचे पैसे त्यांना दिले. बैठक भत्ता नियमात बसेना, कारण नियमात ‘बैठकीस उपस्थित राहिल्यास’ असं होतं आणि बैठक झालीच नव्हती. पुढच्या प्रस्तावात मी ‘तहकूब बैठकीसाठी उपस्थित झाल्यासही’ एवढे शब्द घातले आणि ते मंजूर झाले. मी केलेल्या कामांपैकी मला आजही समाधान देणारं हे काम आहे.

पेन्शनवाले आणि पैसेवाले लोक भत्ता सोडू शकतात. सगळ्यांनी तो सोडला की दर वाढत नाही, आणि दर वाढला नाही की धारणीची बाई पुढच्या वेळी नियुक्ती नाकारते. मग मंडळावर उरतात ते परवडणारे. तुम्हाला खरंच नको असेल तर घेऊन गावातल्या शाळेला द्या. पण नोंदीत तो दिलेला दिसू द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बैठक व्हिडिओवरून झाली आणि तुम्ही शेवटपर्यंत होता, तर कंपनी कायद्याने ती हजेरीच आहे. बैठक भत्ता मिळतो, प्रवासाचा प्रश्न येत नाही. इतिवृत्तात तुमचं नाव ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे उपस्थित’ असं आलं आहे का ते वाचा. कंपनी असेल तर संचालकाच्या शुल्कातून १० टक्के प्राप्तिकर कापून घेतला जातो. २०१२ पासून हा नियम आहे आणि रक्कम कितीही लहान असली तरी कापतात, तेव्हा पॅन द्या आणि विवरणपत्रात तो कापलेला कर दाखवून वळता करून घ्या. जीएसटीची चिंता तुम्ही करू नका, संचालकाच्या सेवेवरचा कर उलट आकारणीने कंपनीच भरते. आणि टीए बिलाची एक झेरॉक्स घरी ठेवा. तिकीट हरवलं म्हणून बिल परत आलेले सदस्य मी डझनाने पाहिले आहेत.

महामंडळाने आजवर किती दिले ते विचारण्याआधीच बघता येतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांना दिलेलं बैठक शुल्क लिहिलेलं असतं, आणि सरकारी कंपनीचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवावाच लागतो. मागचे दोन-तीन अहवाल चाळलेत तर दर, बैठका आणि प्रत्यक्षात कोण किती बैठकांना आलं, तिन्ही कळेल. शेवटची गोष्ट मी नेहमी वाचतो. मंडळ जिवंत आहे की नाही ते तिथे दिसतं.

विचारलं तर वाईट दिसेल का, या तुमच्या प्रश्नाला उत्तर असं की तोंडी विचारलं तर कधी कधी दिसतं, लेखी विचारलं तर दिसत नाही. कंपनी सचिवाला किंवा सदस्य सचिवाला पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी चार ओळींचं पत्र द्या: ‘माझ्या नियुक्तीच्या आदेशातील भत्त्यांसंबंधीचा उल्लेख पाहता, अशासकीय संचालकांना लागू असलेला नियम अथवा शासन निर्णय, त्याचा दिनांक, बैठक भत्त्याचा सध्याचा दर, प्रवासाचा अनुज्ञेय वर्ग आणि तहकूब बैठकीबाबतची तरतूद कृपया कळवावी व शासन निर्णयाची प्रत द्यावी.’ असं पत्र माझ्या टेबलावर आलं की मला बरं वाटायचं, कारण हा माणूस विषयपत्रिकाही वाचून येणार हे कळायचं. पत्राची पोच घेऊन ठेवा, आणि बैठकीपर्यंत उत्तर आलं नाही तर पहिल्या बैठकीत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ येतात तेव्हा हा विषय मांडून इतिवृत्तात घ्यायला सांगा.